डोक्यावरचं कूळ

वसई कोर्टात पाटील नावाचे वकील इतके आहेत, की नुसतं 'पाटीलसाहेब' अशी हाक मारली तर निम्मी बाररूम मान वर करते. म्हणून पट्टेवाल्यांनी आणि टायपिंगवाल्यांनी सोयीसाठी आम्हाला विशेषणं लावून ठेवली आहेत. बुलेटवाले पाटील, अर्नाळ्याचे पाटील, जामीनवाले पाटील. मी कोंडावाले पाटील. नवा पक्षकार चौकशी करत आला, की टायपिंगवाला कीबोर्डवरची नजर न काढता सांगतो, "आत जा, आणि खांदे बघत जा."

निम्म्या प्रौढ माणसांना कधी ना कधी कोंडा होतो, असं त्वचेचे डॉक्टर सांगतात. पण तो सगळ्यांना सारखाच नडत नाही. शाळेतल्या सरांच्या अंगावर पडला तर खडू म्हणून खपून जातो. गिरणीवाल्याला कोणी विचारतसुद्धा नाही. पांढरे कपडे घालणाऱ्या पुढाऱ्याला कोंडा झालाय हे विरोधी पक्षालाही कळायचं नाही. वकिलाच्या नशिबी मात्र काळा कोट. 1961 च्या अॅडव्होकेट्स अॅक्टखाली बार कौन्सिलने आमच्या पोशाखाचे नियम केले, त्यात हा कोट आणि गळ्यातला पांढरा बँड आला. हा काळा रंग मुळात विलायतेतला. 1694 साली तिकडची राणी मेरी वारली आणि वकिलांनी सुतक धरलं, अशी कथा आमच्या धंद्यात सांगतात. राणीला जाऊन सव्वातीनशे वर्षं उलटली. तिच्या घरच्यांनी सुतक केव्हाच फेडलं, वसईत आम्ही अजून पाळतोय. त्याच नियमांत एक सवलतही आहे. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट सोडलं तर उन्हाळ्यात कोट सक्तीचा नाही. म्हणजे घामाचा विचार झाला. कोंडा वाढतो थंडीत, आणि थंडीत कोटाला माफी नाही. नियम करणारे सगळे टकले असावेत.

मी राहतो विरार पश्चिमेला. विरारला गाडीत चढून दोनच स्टेशनांनी वसई रोडला उतरणं हा चर्चगेटकडे निघालेल्या प्रवाशांच्या लेखी दखलपात्र गुन्हा आहे. त्यांचे बोल ऐकत मी दाराशी उभा असतो. त्या गर्दीत मागच्या माणसाचं नाक आपल्या खांद्यापासून चार बोटांवर असतं. मोबाइल काढायला त्याचा हात वर येत नाही, खिडकी लांब असते. मग तो माझा खांदा वाचतो. नालासोपारा येईपर्यंत त्याचं मत तयार झालेलं असतं. "भाऊ, लिंबू लावून बघितलं का?" यावर पलीकडून दुसरा म्हणतो, "लिंबाने काय होतंय? आंबट दही." डब्यात भजन चालू असलं तरी दोन अभंगांच्या मधल्या जागेत टाळवाले बुवा दह्याच्या बाजूने कौल देऊन पुन्हा विठ्ठलाकडे वळतात. मला आजवर या गाडीत कोणी चौथी सीट दिलेली नाही, सल्ला मात्र रोज बसल्याबसल्या देतात.

खाज ही कोंड्याहून वाईट. कोंडा निदान मागच्या बाजूला पडतो, खाज समोरच्यांना दिसते. युक्तिवाद रंगात आला की घाम येतो, घाम आला की डोकं शिवशिवतं, आणि हात वर जातो. डोकं खाजवणाऱ्या माणसाला उत्तर सुचत नाहीये, हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या गृहीत धरलेलं आहे, ते एकट्या वकिलाला खोडता येत नाही. भाडेकरूच्या एका दाव्यात समोरच्या साक्षीदाराला मी उलटतपासणीत पुरतं कोंडीत पकडलं होतं. पुढचा प्रश्न ओठांवर होता. हात तेवढा डोक्याला गेला. न्यायाधीश कळवळून म्हणाले, "वकीलसाहेब, तयारी नसेल तर पुढची तारीख घ्या." समोरचे वकील तत्परतेने "नो ऑब्जेक्शन" म्हणाले. साक्षीदार घरी गेला आणि पुढच्या तारखेला सगळं पाठ करून आला.

घरी आईचा सगळ्या दुखण्यांवर एकच इलाज आहे, तेल. "डोकं कोरडं पडलंय रे तुझं. मुरव चांगलं रात्रभर." शेजारच्या वाडीतल्या मावशी घाण्यावरून काढून आणलेलं खोबरेल पाण्याच्या बाटलीत भरून देतात, त्यामुळे पुरवठ्याची चिंता नव्हती. तेल मुरलं. खांद्यावर पडणारा कोंडा आता जागच्या जागी चिकटून बसला. आई म्हणाली, "बघ, गेला!" सासूबाईंनी भिजवलेल्या मेथीचा लेप सुचवला. तो धुऊन टाकला तरी वास राहतो, आणि सकाळच्या गाडीत दोघातिघांनी आपापले डबे उघडून बघितले. लिंबाचा प्रयोगही झाला. नखांनी ओरबाडलेल्या टाळूवर लिंबू पिळलं की माणसाला आपले खापरपणजोबा ओळखीचे वाटू लागतात. सलूनमधल्या पोराने माझ्या डोक्यात फणी घालून, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "साहेब, खूप आहे. हेअर स्पा करून टाकू?" स्पा म्हणजे वाफ देऊन लावलेलं महागडं तेलच निघालं.

आमच्या ऑफिसातल्या कारकुनाचं मत वेगळं होतं. "साहेब, एक रविवार काढा, वज्रेश्वरीला जाऊन या. अकलोलीच्या कुंडात डुबकी मारा." तानसा नदीकाठची ती गरम पाण्याची कुंडं आमच्या सगळ्या भागाचा दवाखाना आहेत. त्यांच्या पाण्यात गंधक असतो म्हणतात, आणि गंधक हे कोंड्यावरचं जुनं औषध आहे, तेव्हा त्याचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. मी जाऊन डुबकी मारलीही. पण डुबकीभर गंधकाने कोंडा हटत नाही, आणि कढत पाण्याने खाज आणखी चेतते. चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला मिळावा म्हणून याच वज्रेश्वरी देवीला नवस बोलला होता, आणि 1739 साली किल्ला मिळाला. ज्या देवीने पोर्तुगीज हलवले, तिच्या पुढ्यात मी असलं किरकोळ प्रकरण नेलं हेच चुकलं असावं. अधिकारक्षेत्राचा मुद्दा आम्हा वकिलांना कळायला हवा.

शेवटी बायकोने मुंबईतल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. बाईंनी भिंगातून टाळू बघितली, भुवया बघितल्या, नाकाच्या बाजूच्या घड्या आणि कानांच्या मागची जागाही बघितली. तिथेही पापुद्रे होते. दुखणं तेच, फक्त वस्ती वाढलेली. मग त्यांनी जे सांगितलं, ते मला लगेच समजलं, कारण तो शुद्ध कूळकायदा होता.

मॅलासेझिया नावाची एक बुरशी आहे. 1874 साली लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोंड्याच्या पापुद्र्यांत तिचं वर्णन केलं, म्हणून तिला हे नाव. ही प्रत्येकाच्या डोक्यावर असते. तुमच्या, माझ्या, डॉक्टरीणबाईंच्या, न्यायाधीशांच्याही. ती कोणाकडून लागत नाही, लहानपणापासूनच कबज्यात असते. तिला स्वतःला स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत, हे 2007 साली तिची जनुकं उलगडली तेव्हा स्पष्ट झालं. म्हणून ती आपल्या त्वचेतल्या ग्रंथींमधून झिरपणाऱ्या तेलावर जगते. वयात येताना हे तेल वाढतं, म्हणून कोंडाही साधारण तेव्हाच उपटतो. ती तेलाचे तुकडे करते, हवं ते खाते आणि ओलेइक आम्ल मागे टाकून देते. काहींच्या त्वचेला त्याचं काही वाटत नाही. काहींची त्वचा चिडते, घाईघाईने नवे थर बनवू लागते, आणि एरवी डोळ्यांना न दिसता झडणारी कात पापुद्र्यांनी पडू लागते.

म्हणजे जमीन माझी, कसते ती, आणि पीक माझ्याच कोटावर. आमच्याकडे 1948 च्या कूळकायद्यातल्या 1 एप्रिल 1957 या तारखेभोवती भावाभावांची दिवाणी भांडणं अजून फिरत असतात. त्या दिवशी जमीन जो कसत होता तो मालक, हे वसईतलं शाळकरी पोरही सांगेल. माझ्या डोक्याच्या सातबाऱ्यावर वहिवाटदार म्हणून कोणाचं नाव लागेल, ते मी ओळखलं. आणि आईच्या हातचं ते खोबरेल? तो कुळाला दिलेला खावटीचा पुरवठा होता. पापुद्रे मऊ करायला धुण्याआधी थोडा वेळ तेल लावलं तर चालतं, पण रात्रभर मुरवलं की जेवणावळ उठते. डोकं कोरडं पडलं म्हणून कोंडा होतो, ही समजूत आईइतकीच जुनी आणि तितकीच ठाम आहे. मी ती घरात खोडायला गेलेलो नाही. मलाही त्याच घरात जेवायचं असतं.

"मग हिला बेदखल कधी करायचं?" मी विचारलं.

"कधीच नाही," बाई म्हणाल्या. "ताब्यात ठेवायचं."

म्हणजे निकाल नाहीच, फक्त स्थगिती, आणि तीही वेळोवेळी वाढवून घ्यायची. अशा प्रकरणांवर माझं घर चालतं, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं. औषध साधं होतं. दोन टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू, काही आठवडे आठवड्यातून दोनदा, मग आठवड्या-पंधरवड्यातून एकदा. त्याचा गुण आला नाही तर सेलेनियम सल्फाइडचे, झिंक पायरिथिओनचे किंवा कोल टारचे शाम्पू आहेत. औषध केसांना फासायचं नाही, टाळूपर्यंत पोचवायचं. आणि चिठ्ठीच्या खाली बाईंनी दोन रेघा मारून लिहिलं होतं, 'लावून पाच मिनिटं ठेवणे.'

इथे खरी अडचण सुरू झाली. मुंबईच्या डॉक्टरला पाच मिनिटं ही फार छोटी गोष्ट वाटते. विरारमध्ये पाच मिनिटांत गाडी जाते, बसायची जागा जाते, आणि पाणी तर हमखास जातं. सूर्या प्रकल्पातून वसई-विरारला दिवसाला 185 दशलक्ष लिटर पाणी मिळायचं ठरलेलं आहे. आमच्या सोसायटीपर्यंत त्यातलं जे पोचतं, ते सकाळी मोजून अर्धा तास सुटतं, आणि बाकीचा दिवस टँकर आणि बोअर यांच्या भरवशावर. बोअरचं पाणी इतकं खारट, की शाम्पूला फेस यायच्या आत माणसाच्या तोंडाला येतो. बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणांचा कोंड्याचा संशय त्या पाण्यावरच आहे. बुरशीला त्या पाण्याशी देणंघेणं नाही, केस तेवढे राठ होतात. त्या अर्ध्या तासात घरातल्या पाच माणसांच्या आंघोळी, भांडी आणि पिंपं. यात डोक्याला फेस लावून नुसतं उभं राहणारा माणूस घरच्यांना कसा दिसत असेल? "अहो, झोपलात का आत?" "बाबा, माझी व्हॅन आली!" फेस तीन मिनिटांचा असताना नळ घोगरा आवाज काढून थांबला की उरलेल्या दोन मिनिटांचं काय करायचं, हे चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं.

वेळ मोजायला घड्याळ न्यायची सोय नव्हती, म्हणून मी त्या दिवशीच्या प्रकरणाचा युक्तिवाद म्हणायला लागलो. तो साधारण पाच मिनिटांचा बसतो. आमच्या बिल्डिंगचा डक्ट मोठा श्रवणीय आहे, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त तलाठी काकांकडे सगळं स्वच्छ ऐकू जातं. ते आता जिन्यात गाठून सांगतात, "वकीलसाहेब, तुमचा फेरफाराचा मुद्दा कच्चा आहे, तेवढा पक्का करा." एका दाव्यात त्यांचं ऐकलं आणि मनाई हुकूम मिळाला. औषधाचा हा गुण डॉक्टरीणबाईंनाही माहीत नसेल.

काही आठवड्यांत खाज थांबली, खांदे कोरे झाले. कोर्टाच्या नाताळच्या सुटीत मी शाम्पूलाही सुटी दिली आणि कूळ जानेवारीत परत हजर. तेव्हापासून खंड नाही. एवढं मात्र ध्यानात ठेवा. पापुद्रे जाड आणि चंदेरी असतील तर ते सोरायसिस असू शकतं. लहान मुलाच्या डोक्यावर चट्टे पडून केस जात असतील तर तो नायटा असू शकतो. दोन्ही डॉक्टरला दाखवा, आणि मेडिकलवाल्याने मनाने दिलेली स्टेरॉइडची ट्यूब डोक्यावर चोळत बसू नका.

आता आमच्या सोसायटीच्या माननीय सेक्रेटरींना या लेखाद्वारे नम्र अर्ज. दर रविवारी सकाळी पाण्याचा कॉक पाच मिनिटं उशिरा बंद करावा. अर्जदाराचे मासिक देखभाल शुल्क पूर्ण भरलेले आहे. सुनावणीसाठी अर्जदारास बोलवायचे झाल्यास कृपया त्या वेळेत बोलवू नये, डोक्यावर फेस असतो.