पाच लाखांच्या आत

दगडफेकीवरून आपल्याकडच्या पक्षांचं कधी एकमत होत नाही. आपल्या पोराने एसटीची काच फोडली तर तो जनतेच्या संतापाचा उद्रेक. समोरच्यांच्या पोराने तीच काच फोडली तर ती अराजकाची नांदी. यावर रोज रात्री चॅनेलवर घसे बसतात. मतभेद मिटतात ते सत्तेत आल्यावर. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय सरकारं बदलली तरी निघत राहिले. 2022 च्या शासन निर्णयातली अट बघा: जीवितहानी झालेली नसावी आणि सार्वजनिक, खाजगी मालमत्तेचं नुकसान 5 लाखांपेक्षा जास्त नसावं.

म्हणजे मोर्चात घोषणा देणाऱ्याच्या शेजारी एक हिशेबनीसही हवा. समोरची काच झाली, बाजूच्या चार झाल्या, आता हात आवरा, कारण अख्खी गाडी पेटली तर सगळं गणितच कोसळेल. पेटवायचीच असेल तर भंगाराच्या वाटेवरची निवडावी, घसारा वजा जाता स्वस्त पडते. जाळायचे टायर मात्र घरून आणावेत. स्वतःचा माल नुकसानीत कोण धरणार? सार्वजनिक मालमत्तेच्या नासधुशीला 1984 चा कायदा पाच वर्षांपर्यंत कैद सांगतो, शासन निर्णय पाच लाखांपर्यंत माफी सांगतो. पाचावर दोघेही ठाम, हेही काही कमी नाही. आणि त्या काचेमागे ड्रायव्हर बसलेला असतो. काचेचा तुकडा त्याच्या डोळ्यात गेला तर? डोळा गेला म्हणजे जीव गेला नाही, आणि डोळा ही मालमत्ताही नव्हे. दोन्ही अटींतून तो अलगद निसटतो. काचेची किंमत पंचनाम्यात पैशापर्यंत लिहायची आणि माणसाच्या डोळ्याला या अटींत रकानाच ठेवायचा नाही, हा मसुदा ज्यांनी शुद्ध मराठीत टंकून घेतला त्यांना त्या रात्री झोप कशी लागली असेल, देव जाणे.

यावर सांगतात, खटला मागे घ्यायला न्यायालयाची संमती लागतेच. लागते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 321 खाली, आता नव्या संहितेच्या 360 खाली. पण अर्ज करतो तो सरकारी वकील, आणि ज्याने आरोपीविरुद्ध उभं राहायचं तोच माफीसाठी उभा राहिल्यावर सरकारतर्फे ड्रायव्हरच्या बाजूने बोलायचं कुणी? दुसरा आक्षेप खरा वजनदार आहे: ऊसदरासाठी रस्त्यावर बसलेला शेतकरी, फीवाढीविरुद्ध ओरडलेला विद्यार्थी यांनी वर्षानुवर्षं तारखांना का खेटे घालावेत? मुळीच घालू नयेत. जमावबंदी मोडून नुसते बसले त्यांचे खटले एका गठ्ठ्यात, दगड मारले त्यांचे दुसऱ्यात, एवढंच करायचं आहे. तालुक्याचा कारकून हे जेवणाच्या सुट्टीआधी उरकेल. त्याला ते सांगत नाहीत, कारण मग दुसऱ्या गठ्ठ्यात येत्या निवडणुकीचे उमेदवार सापडतील, आणि तेही सगळ्याच पक्षांचे.