दोन्ही तीरांवरची एकच मोटार

पॉल ब्राक या फ्रेंच रेखाकाराने रेखलेली, नाक किंचित पुढे काढून शिकारीच्या पवित्र्यात उभी असलेली बीएमडब्ल्यूची सहाव्या मालिकेतील कूपे 1976 साली युरोपच्या रस्त्यांवर अवतरली, तेव्हा तिचे बंपर अंगाला चिकटून, दागिन्यासारखे नाजूक होते. परंतु हीच रूपगर्विता अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या बंदरात रुजू झाली, तो तिच्या ओठांवर व पाठीमागे ॲल्युमिनियमच्या अशा काही फळ्या बसविण्यात आल्या, की पाहणाऱ्यास ही मोटार असून गोदीचा धक्काही आहे, असा भास व्हावा. कारण सरकारी फर्मान होते, की ताशी 5 मैलांच्या धडकेत गाडीस इजा होता कामा नये. वेगासाठी जन्मलेल्या प्राण्याची परीक्षा बैलगाडीच्या चालीने घ्यावी, ही तजवीज सरकारी खात्यालाच सुचू जाणे!

इतक्याने भागले नाही. 1979 च्या हुकुमाने वेगदर्शकावर 85 मैलांपुढचा आकडा लिहिण्यास मनाई झाली. त्याहून कितीतरी वेगाने धावणाऱ्या यंत्राचा काटा 137 किलोमीटरवरच दम टाकी, आणि 55 मैलांचा आकडा तेवढा उठून दिसावा, अशी ताकीद होती. 1978 पासून जर्मन ग्राहकास 218 अश्वशक्तीची 635 सीएसआय मिळत होती. तीच अमेरिकेत 1985 साली पोहोचली, ती 182 अश्वांनिशी. उरलेले 36 घोडे धूरशुद्धीच्या जकातनाक्यावर अडकले असावेत.