काठी घेऊन जा

हॅनोव्हर
रविवार, 2 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आईस,


पार्सल पोचलं. मेतकूट, भाजणी, सुषमामावशीचे पोह्याचे पापड, आणि शिरीष कधीही घालणार नाही हे माहीत असूनही तू दर वर्षी पाठवतेस तो मफलर, सगळं आलं. भाजणीचं पाकीट वाटेत कुणीतरी उघडून, हुंगून पुन्हा चिकटवलंय. त्याला काय वाटलं असेल देव जाणे.

पण खरी बातमी मेतकुटाच्या बरणीभोवती गुंडाळलेली निघाली. सोसायटीची नोटीस! ‘सभासदांनी पाळीव कुत्रे लिफ्टमधून नेऊ नयेत.’ आणि खाली तुझ्या अक्षरात, पेन्सिलीने, ‘का?’ म्हणजे प्रकरण इथवर गेलंय, आणि फोनवर तू मला गुडघ्याचे व्यायाम आणि नारळाचा भाव सांगत होतीस. उरलेलं काल मावशीने फोनवर पुरवलं. तिच्या मते तुझं डोकं फिरलंय, मंदार तुला लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणून देतोय, आणि ‘तुम्ही तिकडे बसून काही करणार आहात की नाही?’

म्हणून बसलेय करायला. आज इथे दुसरं काही करताही येत नाही. रविवारी व्हॅक्यूम लावायचा नाही, खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्या कचरापेटीत टाकायच्या नाहीत. कुकरच्या शिट्टीबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही. खालच्या आजी मात्र दर शिट्टीला छताकडे बघतात, असं ओवी म्हणते. राजमा लावलाय. शिट्ट्या मोजायला उठावं लागेल, तेव्हा अक्षर बदललं तर समजून घे.

आधी मंदारचं पिल्लू. पोराचं मन मोठं आहे, अक्कल नेहमीप्रमाणे मागून येईल. लॅब्रॅडॉर वर्षभरात तीस किलोच्या आसपास जातो. तुझा नवा गुडघा फेब्रुवारीतला आहे. समोरून मांजर गेलं की नवघर रोडवर तो पुढे, दोरी त्याच्यामागे आणि दोरीच्या टोकाला तू. त्याआधीचं वर्ष वेगळंच. सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी खाली न्यायचं, रात्रीसुद्धा, आणि दात येताना बाबांच्या आरामखुर्चीचे पाय, तुझ्या सपाता आणि रिमोट त्याच्या तोंडात. शिवाय पिल्लू जगतं दहा-बारा वर्षं. तू चौऱ्याहत्तरची. शंभरी गाठणार आहेस हे मला मान्य आहे, पण शहाऐंशीव्या वर्षी म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरला उचलून रिक्षात कोण घालणार? मंदार? तो स्वतःची बॅग उचलत नाही.

मावशीचा पॉमेरियन तर मनातही आणू नकोस. सारखा पायात येतो, आणि पायात येणारं काहीही तुला आता नको. नानाकाकांच्या धोतराचं काय झालं होतं ते मावशी विसरली असेल, नानाकाका विसरलेले नाहीत.

आता इथलं ऐक, म्हणजे तुमची सोसायटी तुला प्रेमळ वाटायला लागेल. ओवीचा कुत्र्यासाठी हट्ट दोन वर्षं चालू आहे. आमच्या या नीडरझाक्सन राज्यात 2013 च्या जुलैपासून कायदा असा, की पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याने परीक्षा द्यायची. कुत्र्याने नव्हे गं, माणसाने! लेखी परीक्षा कुत्रा आणायच्या आधी आणि प्रात्यक्षिक पहिल्या वर्षात. दोन्हींची फी वेगळी. गेल्या दहा वर्षांत सलग दोन वर्षं कुत्रा पाळला असेल तर माफी. शिरीषने विचारलं, लहानपणी डोंबिवलीच्या चाळीत मोत्या होता, तो चालेल का? चालला नाही. मग तुझे जावईबापू पुस्तक घेऊन बसले. कुत्र्याची शेपूट ताठ, नजर रोखलेली, तोंड बंद, तर कुत्रा काय म्हणतोय? शिरीष म्हणाला, हे तर माझे सासरे. पास झाला.

परीक्षा झाली की विमा सक्तीचा, कातडीखाली चिप सक्तीची, राज्याच्या नोंदवहीत नाव सक्तीचं. वर पालिकेची कुत्रापट्टी. बर्लिनला प्रसादकडे पहिल्या कुत्र्याला वर्षाला 120 युरो, म्हणजे बारा हजारांच्या वर रुपये, आणि दुसरा आणलात तर त्याला 180. दुसऱ्याला सवलत नाही, दंडच. 1 एप्रिल ते 15 जुलै रानात, शेतात कुत्रा मोकळा सोडायचा नाही, कारण पक्ष्यांची अंडी आणि सशांची बाळंतपणं असतात. लांबच्या गाडीत मांजरापेक्षा मोठ्या कुत्र्याला तिकीट. हे सगळं मी इथल्या ऑफिसात कुणाला सांगितलं तर ‘मग?’ म्हणतात. मला मात्र आपल्या गेटवरची भटकी पिंकी आठवते. कर नाही, तिकीट नाही, जोश्यांच्या स्कूटरखाली दुपारची झोप.

थांब, शिट्टी.

हां. तर इथल्या प्राण्यांच्या आश्रमातून एक बाई आमचं घर बघायला आल्या होत्या. कुत्रा द्यायच्या आधी येतातच. दिवसाचे किती तास घर रिकामं, घरमालकाची चिठ्ठी आहे का, जिन्याच्या पायऱ्या किती, सगळं लिहून घेतलं. नंतर चहा घेताना मी त्यांना तुझं सांगितलं. मला वाटलं म्हणतील, या वयात कशाला. तर त्या म्हणाल्या, उलट उत्तम, फक्त पिल्लू नको. सहा-सात वर्षांचं, तयार स्वभावाचं कुत्रं घ्या. ते किती वाढणार, किती भुंकणार, माणसांशी कसं वागणार, हे सगळं आधीच समोर दिसतं. आणि मग विचारलं, ‘आई काठी वापरतात का?’

आई, याचा विचार आपल्यापैकी कुणीच केला नव्हता. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याने काठीचा एकच उपयोग पाहिलेला असतो. तू प्रेमाने पोळी पुढे करशील आणि ते तुझ्या उजव्या हाताकडे बघत पलंगाखाली जाईल, किंवा त्याहून वाईट, गुरगुरेल. त्यात तुझी काठी स्टीलची, फरशीवर वाजणारी. तेव्हा कुठलंही कुत्रं बघायला जाशील तेव्हा काठी घेऊन जा. ‘आज बरं वाटतंय’ म्हणून घरी ठेवून जाऊ नकोस, मी तुला ओळखते. आधी कोपऱ्यात उभी कर, मग हातात घे, मग चाल. एकदा मुद्दाम खाली पाड. दचकून पुन्हा तुझ्याकडे येणारं कुत्रं चालेल. दूरच राहणाऱ्याला दुसरं चांगलं घर मिळो.

मग त्याला दोरीने चालव. ओढत असेल तर पुढचं बघायलाच नको. पंधरा-अठरा किलोचं असावं, रिक्षात आपलं आपण चढणारं. डॉक्टर मुलुंडातलाच बघ. दर वेळी परळला बैलघोडा हॉस्पिटलात जाणं तुला झेपायचं नाही (बाबांना तिथेच न्यायचं असं तू म्हणायचीस ते आठवतंय, ओवीला सांगितलंय). रेबीजची लस तर हवीच, पण लेप्टोचीही विचार, आपल्याकडच्या पावसात ती लागते. महापालिकेचं लायसन काढ. आणि ज्यांच्या घरी ते कुत्रं आत्ता राहतंय त्यांना विचार, दिवाळीत काय केलं? दिवाळी नुकतीच झाली, उत्तर ताजं असेल. मोरीत जाऊन बसलं असेल तर तुझंच जमेल त्याच्याशी, तूही खिडक्या लावूनच बसतेस.

कुठे शोधायचं? वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज ही मुंबईतली संस्था 1985 पासूनची. ‘वर्ल्ड फॉर ऑल’वाले दत्तक-मेळावे घेतात. मंदारला कामच हवंय ना, त्याला फोन करायला लाव. त्याने म्हणायचं, आमच्या मावशीसाठी मोठं, शांत, फ्लॅटमध्ये राहिलेलं कुत्रं हवं, आणि आधी दोन-तीन आठवडे घरी ठेवून बघू द्या. ‘गोड दिसणारं’ हा शब्द त्याने उच्चारला तर फोन काढून घे.

फ्लॅटमध्ये राहिलेली कुत्री अशी मोकळी कशी होतात, हे मी एका मैत्रिणीला विचारलं. ती ठाण्याला अशी कुत्री तात्पुरती घरी ठेवून घेते. म्हणाली, घरात बाळ येतं, भाड्याचं घर सुटतं, आणि पुष्कळदा लोक परदेशी जातात. चांगले लोक असतात गं, ती म्हणाली, रडतात सोडताना, पहिले दोन महिने रोज व्हिडिओ कॉल करतात, कुत्रं फोनकडे बघून शेपूट हलवतं आणि मग दाराशी जाऊन बसतं. मी म्हटलं, पुरे, आणि फोन ठेवला. मग तुला लावला. तू म्हणालीस, आज शनिवार नाही, काय झालं? काही झालं नव्हतं. नारळाचा भाव ऐकायचा होता.

असो. पिंकीचं बोलू. नोटिशीवरचं ते ‘का?’ तिच्यासाठी आहे ना? मावशीला नाही कळलं, मला कळलंय. चिंतामणराव देशमुख उद्यानापर्यंत ती तुझ्या मागे येते आणि फाटकापाशी वाट बघते, हे तू ‘असंच’ म्हणून सांगितलंयस, बऱ्याच वेळा. तिच्या बाजूने खूप आहे. कानाचा कोपरा कापलेला, म्हणजे नसबंदी झालेली. वय साधारण बरोबर. तुझ्या काठीबरोबर वर्षानुवर्षं चाललेली. पण ती गेटची मालकीण आहे. तिला सगळे वॉचमन, दूधवाले, रात्री अडीचला येणारे तळमजल्यावरचे चिरंजीव माहीत. तिसऱ्या मजल्यावर दार लावून घेतल्यावर तिला कोंडल्यासारखं वाटेल की बढती मिळाल्यासारखं, हे तीच सांगू शकते. म्हणून उचलून आणू नकोस. संध्याकाळी दार उघडं ठेव, पायपुसण्यावर झोपते का बघ. आली तर आली. नाहीतर ती खाली बरी आहे, आणि तू मेळाव्याला जा. ऑगस्टमधल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचं मला पुन्हा सांगू नकोस. नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं, हे 22 तारखेच्या आदेशात आहे, आणि तू पेपर वाचून दाखवलास तेव्हा मी पूर्ण ऐकलं होतं.

सेक्रेटरींना मात्र शांतपणे सांग, की ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने 2015 मध्येच लिहून ठेवलंय, पाळीव कुत्र्यांना सोसायटी बंदी घालू शकत नाही, ठराव बहुमताने झाला तरी नाही, आणि लिफ्टही नाकारता येत नाही. त्याच कागदात आपण घाण उचलावी हेही आहे, तेव्हा पिशवी खिशात ठेव. बाबा असते तर त्यांनी 1832 चा दंगाच काढला असता, कुत्री मारायच्या हुकमावरून कोटातले पारशी रस्त्यावर उतरले होते तो. जनरल बॉडीत तू तो काढू नकोस. चहाच्या वेळी काढ.

रीडेव्हलपमेंटचं काय ठरलं? सह्या झाल्या असतील तर आधी ते सांग. कुत्र्यासकट भाड्याचं घर मिळवणं मुलुंडात सोपं नाही, बिल्डरशी बोलतानाच ते काढा. आणि नाही, बिबट्या पिंकीला नेणार नाही. 2018 मध्ये नानेपाड्यात शिरला होता तेव्हा नानाकाका खिडकीच्या जाळीला नाक लावून बघत होते, त्यांनाही नेलं नाही.

मेधाच्या साखरपुड्याचे फोटो पाहिले. मुलगा बरा दिसतो, शालू नाही. सुलुआत्याला माझ्याकडून विचार, की मोतीबिंदू काढल्यावर तिला आता माझ्या लग्नातला तो फोटो कसा दिसतो. आणि शेजारच्यांना सांग, त्यांच्या निखिलला इथे नोकरी मिळवून देणं माझ्या हातात नाही. असतं तर आधी मी स्वतःची बदली मुलुंडला केली असती. हसू नकोस. शिरीषही हल्ली हे वाक्य न हसता म्हणायला लागलाय.

एकच राहिलं. त्या बाईंनी आमच्या फॉर्मवर एक रकाना सक्तीने भरून घेतला होता, ‘तुम्ही आजारी पडलात तर कुत्रा कोणाकडे?’ मी पन्नाशीचीसुद्धा नाही, तरी भरावा लागला. तुलाही भरायचाय. तुझ्या त्या मेळाव्यात विचारोत न विचारोत, नाव कागदावर असलं पाहिजे, तोंडी ‘बघू’ चालणार नाही. माझं नाव लिहू नकोस. मी साडेसहा हजार किलोमीटरवर आहे, आणि पिंकीला इथे आणायचं तर तिची कागदपत्रं हीच एक वेगळी परीक्षा. राजमा शिजला. ओवी विचारते, पिंकीला व्हिडिओ कॉलवर आपण दिसतो का.

तुझी,
मुग्धा

ता. क. त्या रकान्यात मंदारचं नाव लिही. आधी लिही, मग त्याला सांग.