उजेड आमचा, धूर तुमचा

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे निघालं की वाटेत ओरत्तनाडु लागतं. मराठी माणसानं तिथं उतरावं याला कारण आहे. तंजावरचे मराठे राजे सरफोजी दुसरे यांनी आपली प्रेयसी मुक्ताम्बा हिच्या नावानं बांधलेलं अन्नछत्र याच गावात आहे. रामेश्वरला निघालेले यात्रेकरू अशा छत्रांत जेवून पुढं जात. 1801 साली राजांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून आपल्या छत्रांचा कारभार समजावला होता. वाढप मध्यरात्रीपर्यंत चाले, मग घंटा वाजवून कुणी उपाशी राहिलंय का अशी हाळी दिली जाई. हा सारा खटाटोप लाकूड, बैल आणि माणसांचे दंड यांवर चालला. कार्बनचा हिशेब कुणी मागितला नाही. चुलीपुढच्या आचाऱ्याच्या डोळ्यांचाही कुणी ठेवला नाही, म्हणून त्या दिवसांचे गोडवे मी बेतानंच गातो.

याच तालुक्यात वडसेरी आहे. वर भात, खाली लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा. 2023 साली केंद्राच्या कोळसा लिलावाच्या यादीत वडसेरीचं नाव आलं आणि कावेरीच्या खोऱ्यात एकच गिल्ला झाला. साहजिक होतं. हे खोरं 2020 च्या कायद्यानं संरक्षित शेतीक्षेत्र ठरलेलं. तेव्हाचे मुख्यमंत्री स्टालिन यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. द्रमुक, अण्णाद्रमुक, भाजप, सगळे खाणीला नको म्हणायला एका सुरात आले. 8 एप्रिलला तेव्हाचे कोळसामंत्री प्रल्हाद जोशी यांनी वडसेरीसह तमिळनाडूतले तिन्ही पट्टे वगळल्याचं सांगून टाकलं. भात वाचला. वाचायलाच हवा होता.

आता त्या भाताला पाणी पाजणारी मोटर पाहू. तमिळनाडूत शेतीपंपाला वीज फुकट आहे, तीही कित्येक वर्षांपासून. या विजेतला काही वाटा नेय्वेलीच्या लिग्नाइटचा. तिथं 1950 च्या दशकात खाणीसाठी जमिनी घेतल्या गेल्या. त्याही कुणाच्या तरी वाडवडिलांच्याच होत्या. तेव्हा वडसेरीकरांनी खड्डा नाकारला तो योग्यच, पण खड्डा काही पृथ्वीवरून नाहीसा झाला नाही, तो कडलूर जिल्ह्यात आहे. वडसेरीकरांना हसू नये. पुण्यातला माझा पंखा चंद्रपूरच्या धुरावर फिरतो आणि चंद्रपूरला मी आजवर ताडोबाचे वाघ पाहायलाच गेलो आहे.

मग सूर्य आहे की! आहे, पण फुकट विजेच्या गावात सौरपंप कोण आणि कशाला मागेल? आपल्याकडे महाराष्ट्रात त्याला मागणी आहे, कारण रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जाताना शेतकऱ्याला आधी बिबट्याची चाहूल घ्यावी लागते. दिवसा मोटर चालणं हीच त्याची सबसिडी. पुढची गंमत म्हणजे ऊन फुकट झालं की मोटर बंद करायला हात धजत नाही, आणि विहीर तळाला जाते. वाऱ्याचं म्हणाल, तर आडी महिन्याच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो अशी तमिळ म्हण आहे. त्या दिवसांत कन्याकुमारीकडच्या मुप्पंदलच्या पवनचक्क्या जोमात फिरतात. मोसम सरला की त्यांचा जोर ओसरतो, आणि संध्याकाळी सातला ऊनही नसतं. नेमके तेव्हाच सगळे घरी येऊन दिवे, गिझर, टीव्ही लावतात.

आमच्या सोसायटीत सौरऊर्जेला तत्त्वतः कुणाचाही विरोध नाही. तत्त्वतः. गच्चीचा विषय निघाला की एकाला पापड कुठं वाळवायचे हा प्रश्न पडतो, दुसऱ्याला गळतीची धास्ती, आणि तळमजल्यावरचे विचारतात, आम्ही गच्चीवर कधी जातच नाही, मग वर्गणी का द्यायची? वास्तविक केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. ते वाचून दाखवल्यावर सभेत शांतता पसरली आणि मग कुणीतरी पार्किंगचा विषय काढला.

तरी तुम्हाला एक विनंती. तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला यंदा जा, आणि गच्चीचा विषय पहिलाच घ्यायला लावा. शेवटी ठेवलात तर वडे येतात, आणि वड्यांबरोबर कोरम उठून जातो.