फिनेल आणू नका

श्टुटगार्ट, १२ एप्रिल

ती. सौ. आईंना,
सा. न. वि. वि.

तुमची यादी पोचली. मेतकूट, कुळथाचं पीठ, भाजणी, आमसुलं, सगळं आणा. फक्त शेवटच्या ओळीवर काट मारा. फिनेलची बाटली विमानात चालायची नाही, आणि चालली तरी आपल्या घरात चालणार नाही. तुमच्या चिरंजीवांनी या हिवाळ्यात पर्यावरण हाती घेतलं आहे.

तेव्हापासून कपाटात चारच बरण्या उरल्यात: व्हिनेगरचा अर्क, सायट्रिक आम्ल, धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा. व्हिनेगरचा अर्क चांगला २५ टक्क्यांचा असतो, त्यामुळे पाणी घालून पातळ केल्याशिवाय हात लावायचा नाही. नुसतं झाकण उघडलं तरी कांदा चिरल्यासारखे डोळे वाहतात. पण नळांवरचा पांढरा चुना त्याने निघतो, हे खरं. सायट्रिक आम्लही चुना काढतं, मात्र थंड पाण्यातच. गरम केलं तर चुन्याशी त्याचं कॅल्शियम सायट्रेट होतं, आणि ते आधीच्या थरापेक्षा चिवट. मंदारने हे आम्हाला फार छान समजावून सांगितलं, किटली उकळून झाल्यावर.

त्याचा आवडता प्रयोग मोरीतला. आधी खाण्याचा सोडा, वर व्हिनेगर. फसफस होते, चिऊ टाळ्या वाजवते, बाप कृतार्थ होतो. अरे, आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड, खाली उरतं ते खारट पाणी, असं मी सांगून पाहिलं. “पण फेस आला ना!” एम. टेक. आहे हो हा. एक बरं केलं, क्लोरीनचं ब्लीच घरातून कायमचं घालवलं. त्याची आणि व्हिनेगरची चुकून गाठ पडली तर विषारी वायू निघतो. देव्हाऱ्याची संगमरवरी फरशी मी स्वतःच्या ताब्यात ठेवली आहे, कारण आम्ल संगमरवर खातं. समईला चिंच लावते. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं हे कळल्यापासून मंदार तिच्याकडे आदराने बघतो.

मध्यंतरी बायो दुकानातून एक सुबक पुडा आला. आत काय, तर रिठे! थेट भारतातून आलेले. सोबतच्या छोट्या कापडी पिशवीत पाच-सहा टरफलं बांधायची आणि मशीनमध्ये सोडायची. किंमत कळवत नाही, बाबांच्या ब्लडप्रेशरची गोळी आधीच वाढवली आहे. कपडे मऊ निघतात, पण रिठ्यात डाग उडवणारं काही नसतं. आमटीची हळद सदऱ्यावर जशीच्या तशी. मंदारच्या मते हळद हा नैसर्गिक रंग आहे, त्यामुळे तो डाग धरायचा नाही.

हे सगळं दाराच्या आत खपून जातं. दाराबाहेर जिना आहे आणि जिन्याला केरवोखे आहे. म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाची पाळी. आठवड्याच्या सुरुवातीला दाराच्या मुठीला पाटी लटकते, की जिना, तळघराची वाट, समोरचा फुटपाथ तुमचा. इथल्या एबरहार्ड सरदाराने १४९२ मध्ये फर्मान काढलं होतं, की प्रत्येकाने दर आठवड्याला आपापली घाण गावाबाहेर न्यावी. नगरपालिकेने १९८८ मध्ये सक्ती उठवली. घरमालकांनी भाडेकरारात ती ठेवून दिली. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत म्हणे. या बहिणीने त्या बहिणीच्या चाळीचा जिना पाहिलेला नसावा.

तर खालच्या मजल्यावर एक आजी आहेत. आम्ही व्हिनेगरने जिना पुसला, तर त्यांनी विचारलं, लोणचं घातलंत का? मग मंदारने बिनवासाचा साबण आणला. त्यावर ‘निळा देवदूत’ची खूण असते, १९७८ पासून चालत आलेली, पर्यावरणाची अशी खूण जगात पहिली तीच. जिना लख्ख झाला. आजी दोन पायऱ्या चढल्या, नाक वर केलं, खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, “या आठवड्यात जमलं नाही वाटतं?” मंदार देवदूताची बाटली घेऊन खाली गेला, अर्धा तास बोलला. आजींनी कॉफी दिली, केक दिला, आणि त्याच्यामागून येऊन जिना लिंबाच्या वासाच्या साबणाने पुन्हा पुसला.

वासाशिवाय स्वच्छता नाही, याबाबतीत तुमचं आणि त्यांचं तंतोतंत एकमत आहे. सासूबाई येणार असं मी त्यांना सांगितलंय, तेव्हापासून त्यांचे डोळे चमकतात. मी कॅलेंडर पाहिलं. तुम्ही मे महिन्यात ज्या शनिवारी उतरता, त्यानंतरच्या सोमवारी पाटी आपल्या दारावर लागते आहे. भाषेची काळजी नको, दोघींना एकमेकींचं सगळं कळेल. मंदार त्या आठवड्यात ऑफिसच्या कामाने बर्लिनला जायचं म्हणतोय.

बाबांना साष्टांग नमस्कार. चिऊ तुम्हाला पापा पाठवते.

तुमची,
अनघा

ता. क. पायऱ्या पुसायला इथे लांब दांड्याचं फडकं मिळतं, गुडघे टेकावे लागत नाहीत. तळघराची किल्ली आल्यावर दाखवते.