बंब घासून समुद्रात

माणसानं पुन्हा चंद्रावर जावं की नाही, यावर दोन्ही बाजूंनी जे बोलायचं असतं ते बोलून झालेलं आहे. एक बाजू म्हणते, एवढ्या पैशांत किती शाळा झाल्या असत्या! दुसरी म्हणते, संशोधनाचा हिशेब रुपये-आणे-पैमध्ये करायचा नसतो. आणि लगेच चांद्रमोहिमांनी आपल्याला काय काय दिलं याची यादी काढते, जिच्यात नॉनस्टिक तवा हमखास असतो. (टेफ्लॉन १९३८ सालचं आहे. पण हे सांगणाऱ्याला चर्चेला परत बोलवत नाहीत.)

माझं दोन्ही बाजूंशी भांडण नाही. मला फक्त इंजिनांबद्दल बोलायचं आहे.

चंद्रावर माणसं परत न्यायची म्हणून अमेरिकेनं जी आर्टेमिस मोहीम काढली, तिच्या रॉकेटच्या बुडाशी चार इंजिनं आहेत. ही स्पेस शटलची इंजिनं. म्हणजे जन्मतःच पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी बनवलेली. वर जायचं, खाली यायचं, उघडून तपासायचं, पुन्हा वर. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी हे रॉकेट पहिल्यांदा उडालं, तेव्हा त्यातलं एक इंजिन आधी बारा वेळा अंतराळात जाऊन धड परत आलेलं होतं. २०११ सालच्या शटलच्या अखेरच्या उड्डाणातही ते होतं. ते जपून ठेवलं, त्याला नवा नियंत्रक बसवला, चाचण्या घेतल्या, रॉकेटला जोडलं, आठेक मिनिटं चालवलं आणि पॅसिफिक महासागरात टाकून दिलं. चारही टाकली. बारा वेळा सुखरूप परत आलेल्याचं तेरावं असं झालं.

आता कल्पना करा की घरात आजेसासूबाईंच्या वेळचा तांब्याचा बंब आहे. तीन पिढ्यांचं पाणी त्यात तापलेलं. घरधन्यानं एक दिवस तो माळ्यावरून उतरवला, चिंच लावून आरशासारखा लख्ख घासला, नवी तोटी बसवली, तोटी गळत नाही ना हे पाहायला कल्याणहून माणूस बोलावला, त्या माणसाचा जाण्यायेण्याचा खर्च दिला, त्याच्या शिफारशीवरून आणखी एक माणूस बोलावला, पूजा केली, एका अंघोळीचं पाणी तापवलं आणि बंब उचलून समुद्रात फेकला. शेजारी म्हणाले, अहो, हे काय? तर म्हणाला, काळजी नको, घरात असे अजून काही आहेत, पुढच्या अंघोळींची सोय झालेली आहे. आणि ते संपले की? नवे बनवायला टाकलेत. ते खास फेकण्यासाठीच बनवतोय, त्यामुळे स्वस्त पडणार आहेत. आणि अंघोळ कुणाची झाली म्हणाल, तर त्या पहिल्या खेपेला आत माणूस नव्हताच, बाहुले होते. गंमत म्हणजे या इंजिनांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन जळतो, म्हणजे त्यांच्या शेपटातून जी आग निघते तिची शेवटी होते वाफ. पाण्याची वाफ. तेव्हा बंबाची उपमा मी ओढूनताणून आणली, असं कुणी म्हणू नये.

तर ती खास फेकण्यासाठी बनवलेली स्वस्त इंजिनं. एक साधारण दहा कोटी डॉलरना पडतं. २०२३ च्या भावानं आठशे कोटी रुपयांच्या वर. आपलं चांद्रयान-३ रॉकेटसकट सुमारे ६१५ कोटींत गेलं आणि २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलंदेखील. म्हणजे ज्या पैशांत आपण चंद्रावर पोचतो, त्यात त्यांचं एक इंजिनही येत नाही. आणि त्यांना लागतात चार. माणूस न्यायचा तर खर्च जास्त येणार, हे मलाही कळतं. माणसाला हवा लागते, पाणी लागतं, मुख्य म्हणजे त्याला परत यायचं असतं. पण इंजिनाला परत यायची सवय असताना ती मोडून काढायला पैसे खर्च करावेत, हे कळत नाही. पहिल्या चार मोहिमांच्या दर उड्डाणाला सुमारे ४१० कोटी डॉलर लागतील, असा अंदाज तिथल्याच सरकारी तपासनिसांनी काढला. हा अहवाल सगळ्यांनी वाचला, गंभीर चेहरे केले आणि पुढच्या वर्षीची तरतूद मंजूर केली.

कारण कोडं मुळात नाहीच. २०१० साली तिथल्या कायदेमंडळानं कायदा करून हे रॉकेट मागवलं. त्या कायद्यातच लिहिलं की, शक्य तिथे शटलचीच सामग्री, शटलचीच कंत्राटं, शटलचीच माणसं वापरा. इंजिनिअरांनी रॉकेट आखायचं आणि खासदारांनी पैसे द्यायचे, ही जुनी पद्धत. इथे खासदारांनीच आखलं. २०१६ च्या अखेरीपर्यंत तयार हवं, असंही त्यात लिहिलं होतं. उडालं २०२२ ला. आणि उशीर झाला म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही, कारण मोठी कंत्राटं होती झालेला खर्च अधिक मोबदला या तत्त्वावर. उशीर केला की खर्च वाढतो, वाढलेला खर्च सरकार भरतं, वर मोबदला. आमच्या गल्लीतला रस्ता दर पावसाळ्याआधी उकरणाऱ्या इसमाला हे तत्त्व कुणी शिकवलं नव्हतं, त्याला ते उपजतच येत होतं. पण त्याला निदान चोरून करावं लागतं! इथे ते कागदावर, सहीशिक्क्यानिशी, राष्ट्रगौरव म्हणून. माझ्या डोक्यात तिडीक जाते ती इथे. या मोहिमेचे पुरवठादार पन्नासच्या पन्नास राज्यांत आहेत, हे तिथे तक्रार म्हणून नव्हे, अभिमानानं सांगतात! चंद्राकडे जाणारं रॉकेट पन्नास राज्यांतून जातं, म्हणून ते बंद पडत नाही. चंद्र तर, शेवटचा माणूस तिथून परतला त्या १९७२ च्या डिसेंबरपासून, तिथेच आहे. मतदारसंघ मात्र दर दोन वर्षांनी निवडणुकीला उभा राहतो.

म्हणून ती शाळावाली बाजू भाबडी. चंद्रावर न गेल्यानं वाचलेला पैसा शाळेत जातो, हे आजवर कुठल्या देशात झालं? तो दुसऱ्या कुठल्या तरी पुरवठादाराकडे जातो. आणि ती तव्यावाली बाजूही भाबडीच. तिला वाटतं, पैसा चंद्रावर खर्च होतोय. चंद्रावर एक छदामही खर्च होत नाही, तिथे दुकान नाही. सगळा खर्च खाली, जमिनीवरच होतो.

आता आपण. २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचा, असं ठरलं आहे. तांत्रिक बाजूबद्दल मला शंका नाही. काळजी आहे ती ६१५ कोटींच्या सवयीची. एवढ्याशा रकमेत कुणाचं भागतं? किती जिल्ह्यांना कामं मिळतात? किती कोनशिला बसतात? स्वस्तात जाणाऱ्या यानामागे एकही आमदार उभा राहत नाही, कारण उभं राहायला जागाच नसते. तेव्हा मार्ग एकच. यानाचा एकेक बोल्ट एकेका तालुक्यात बनवायला द्यावा, नटांसाठी स्वतंत्र निविदा काढावी, आणि बोल्टाचा आटा नटात बसत नाही हे श्रीहरिकोट्याला पोचल्यावर कळावं, अशी व्यवस्था असावी. मग चौकशी समिती. समितीला मुदतवाढ. २०४० चं २०५२ होईल, पण मोहीम रद्द करायची कुणाची हिंमत होणार नाही.