वाऱ्याला टोलमाफी नाही

सांताक्रूझमध्ये गाडीमागे गाडी ओढण्याचा दांडगा अनुभव एकाच खात्याला आहे, वाहतूक पोलिसांना. एस. व्ही. रोडवर नो-पार्किंगच्या पाटीखाली गाडी लावा आणि औषधाच्या दुकानात शिरा. बाहेर येईपर्यंत तुमची गाडी पुढची चाकं वर करून निघालेली असते. या प्रवासात तुमच्या टाकीतला एक थेंबही जळत नाही. इतकं अ‍ॅव्हरेज जगातली कुठलीच कंपनी देत नाही.

तरीही वाकोल्यापासून जुहू तारा रोडपर्यंत अलीकडे एक नवी जमात दिसू लागली आहे. हिला आपल्या एसयूव्हीच्या मागे कॅराव्हॅन जोडून फिरायचंय. चाकांवरची खोली, आत पलंग, शेगडी, सिंक आणि खिडकीला फुलाफुलांचे पडदे. व्हिडिओ पाहून झालेत, रंग ठरलाय. सोसायटीत एक गाडी लावायला जागा मिळत नाही, मग ही खोली ठेवणार कुठे, हा प्रश्न यांना पडत नाही. अंधेरीच्या आरटीओत मागे जोडलेल्या खोलीचीही वेगळी नोंदणी करावी लागते, हे कोणी विचारलेलं नसतं. पहिला प्रश्न एकच : ‘ओढताना अ‍ॅव्हरेज किती पडेल हो?’

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. वीज, पाणी, सांडपाण्याची सोय असलेले कॅराव्हॅन पार्क, त्यात गाड्या उभ्या, त्यात आपण निवांत. कागदावर सगळं सुरेख आहे. सांताक्रूझकरांच्या डोळ्यांना मात्र आजवर एकच कॅराव्हॅन परिचयाची, ती म्हणजे शूटिंगच्या ठिकाणी उभी असलेली व्हॅनिटी व्हॅन. तिचा जनरेटर दिवसभर धडधडतो, एसी चालू राहतो आणि गाडी जागची हलत नाही. किलोमीटर शून्य आणि डिझेल भरपूर. अ‍ॅव्हरेजचा विचार करणाऱ्याने तिच्याकडे न पाहिलेलं बरं.

आता प्रश्न विचारलाच आहे तर उत्तरही ऐका. ओढायच्या कॅराव्हॅनचं वजन नडतं, पण ते मुख्यतः चढावर आणि गाडी उचलताना. सरळ रस्त्यावर खरा हिशेब घेतो तो वारा. कॅराव्हॅन म्हणजे साधारण सव्वादोन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशी भिंत. पुढच्या गाडीच्या टपावरून सुटलेला वारा थेट तिच्या कपाळावर आदळतो. युरोपात अशी भिंत मागे लावली की गाडीचं अ‍ॅव्हरेज तिसऱ्या हिश्शाने घटतं, कधी निम्म्यावर येतं. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वर तो जितका, त्याच्या दीडपटीहून जास्त १०० वर आणि सव्वादोनपट १२० वर. म्हणजे पायाखाली थोडं दाबलं की टाकीत बरंच खालावतं.

जर्मनीत मागे ट्रेलर असला की गाडीला ताशी ८० ची मर्यादा. गाडी आणि ट्रेलर दोघांनी ठरावीक अटी पाळून शिक्का मिळवला, तर १००. ज्या देशात ऑटोबानच्या कित्येक पट्ट्यांवर वेगाला मर्यादाच नाही, त्या देशात! इंग्लंडात मोटरवेवर कॅराव्हॅनवाल्याला ताशी ६० मैल, म्हणजे आपले ९६ किलोमीटर. हे नियम अपघात टळावेत म्हणून केलेले, पण पेट्रोल वाचतं ते फुकटात. आपल्याकडे उलटं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १०० ची पाटी असते, तिला लोक किमान वेग समजतात.

एक हिशेब सरळ आहे. शंभर किलोमीटर अंतर १०० च्या वेगाने एका तासात कापलं जातं आणि ८० च्या वेगाने सव्वा तासात. वाचली पंधरा मिनिटं. ती पुढे वडखळ नाक्याला चहा आणि वडापावात जातात, शिवाय ‘काय मस्त खेचली गाडी’ हे सांगण्यात आणखी दहा. त्या पंधरा मिनिटांचं पेट्रोल मात्र परत येत नाही.

पण कॅराव्हॅन हवीच कशाला? सांताक्रूझच्या चाकरमान्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. मागे जोडायच्या ऐवजी तो ती टपावर बांधतो, एवढंच.

गणपतीच्या आदल्या दोन रात्री वाकोला, गोळीबार, कलिना कुठेही फेरी मारा. प्रत्येक इमारतीखाली एक गाडी, तिच्या टपावर कॅरिअर, कॅरिअरवर बॅगा, बॅगांवर मखराचा सांगाडा, त्यावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या (गावच्या घरी खुर्च्या नाहीत असं नाही, पण पाहुणे येतात) आणि या सगळ्यावर निळी ताडपत्री. काका वरून सुतळी आवळत असतात. काकू खालून अजून एक पिशवी वर देतात. काका म्हणतात, ‘अगं, अ‍ॅव्हरेज पडेल.’ काकू म्हणतात, ‘दोन किलोनं काय होतंय?’ दोघांचंही बरोबर आहे. दोन किलोने काही होत नाही. होतं ते त्या ताडपत्रीने. तिचा एक कोपरा पनवेलच्या पुढे सुटतो आणि मग सावंतवाडीपर्यंत फडफडत राहतो. चारशे-साडेचारशे किलोमीटर एक छोटं पॅराशूट टपाला बांधून आपण जातो आणि गावी पोचल्यावर म्हणतो, कंपनीवाले आकडे खोटे सांगतात.

परतीला तीच रचना, फक्त आत तांदूळ, नारळ, सुकी मासळी आणि कोकमं. गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्यांना सरकार टोलमाफीचे पास देतं. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर तर ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना कायमचीच माफी आहे, त्यात आपल्या वाटेवरचा वाशीचा नाकाही आला. वारा मात्र पास बघत नाही. त्याचा टोल दर किलोमीटरला आहे आणि तो बंपरपासून टपापर्यंत सगळ्याचा मोजून घेतो.

सण संपतो, खुर्च्या उतरतात, ताडपत्री घडी होते. कॅरिअर? तो राहतो. ‘पुन्हा मे महिन्यात लागेलच.’ रिकामा कॅरिअरही वारा अडवतोच, हे सांगितलं तर लोक आपल्याकडे दयेने पाहतात. यात मुंबईचा संस्कारही आहे म्हणा. काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी टपावरच्या कॅरिअरसकटच आपल्याला आठवते. सांताक्रूझच्या विमानतळाबाहेर रांगेत उभ्या असत, तेव्हा सुटकेसा त्याच्यावरच चढायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी रस्त्यावरून गेली. पण त्या टॅक्सीला कॅरिअर महाग पडत नव्हता, कारण वाकोल्याच्या पुलाखाली ती ताशी पंधराने सरकायची. त्या वेगाला वाऱ्याला काही मोलच नाही. शहरात पेट्रोल खातो तो सिग्नल, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमधला अर्धा क्लच. हायवेला लागलात की खाणारा बदलतो. आपण मात्र दोन्हीकडे एकच उपाय करतो. पंपावर जाऊन महागडं पेट्रोल भरतो.

पंपावरून आठवलं. ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर कंपनीचा एक स्टिकर असतो. त्यावर टायरच्या हवेचे आकडे बहुतेक गाड्यांत दोन ओळींत छापलेले असतात, दोन माणसं असताना किती आणि गाडी गच्च भरल्यावर किती. हा स्टिकर मुंबईतलं सगळ्यात कमी वाचलं गेलेलं साहित्य असावं. हवा कमी असली की टायर रस्त्यावर जास्त पसरतो, जास्त दबतो, तापतो आणि तेवढं पेट्रोल गिळतो. गच्च भरलेल्या गाडीत तर आणखीच. पण पंपावर आपलं ठरलेलं, ‘तीस मार.’ आत एकटा बसलेला असो की सात जण आणि वर मखर, तीसच. पंपावर हवा फुकट मिळायला हवी असा नियम आहे. ती फुकट म्हणून आपल्याला तिचा भरवसा नाही. त्यापेक्षा पैसे मोजून नायट्रोजन भरून घेतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी आपण खिशात हात घालतो.

मग टाकीत टाकायच्या गोळ्या आहेत. पेट्रोलच्या नळीला बांधायचं लोहचुंबक आहे. ‘हे लावलं की लिटरमागे चार किलोमीटर वाढतात’ असं सांगणारा प्रत्येक सोसायटीत एक असतो. अशा दोन-चार वस्तू एकत्र लावल्या तर गाडीने पेट्रोल तयार करून पंपाला परत द्यायला हवं.

या सगळ्यांत धोकादायक उपाय घाटातला. कशेडीचा उतार लागला की गाडी न्यूट्रलवर टाकायची. ‘इंजिन आयडल, पेट्रोल शून्य.’ कार्ब्युरेटरच्या काळातलं हे शहाणपण आजोबांकडून नातवापर्यंत आलंय. आजची फ्युएल इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंजिनाचं पेट्रोल स्वतःच तोडते, कारण इंजिन उतारावर चाकंच फिरवत असतात. न्यूट्रलवर टाकलं तर उलट इंजिन चालू ठेवायला तिला थोडं पेट्रोल द्यावं लागतं. म्हणजे बचतीच्या नावाखाली खर्च करायचा, वर इंजिनाचा आवर गमावायचा आणि टपावर दीडशे किलो बांधलेली गाडी फक्त ब्रेकवर सोडायची. ब्रेक तापून वास यायला लागला की काका काच वर करायला सांगतात, बाहेरच्या ट्रकचा वास म्हणून.

आणि हे सगळं नीट केलंत तरी टाकीत जे येतं ते काय? आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. अशा मिश्रणासाठी न बनलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय. त्या इथेनॉलचा एक भाग उसातून येतो. आणि इथे आपल्या राज्यातला खरा ‘ओढणारा’ भेटतो.

महाराष्ट्रात गाडीमागे काही ओढण्याची विद्या कोणाला येत असेल तर ती साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवाल्याला. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, दोन्हीत उसाची ताठ उभी भिंत, स्पीकरवर गाणी. कोल्हापूर, सांगली, सोलापुरात गाळपाच्या हंगामात रस्त्यावर दुसरं काही दिसत नाही. तो सावकाश जातो म्हणून वारा त्याला काही मागत नाही. (मागे रिफ्लेक्टर नसतो म्हणून रात्री दुसऱ्यांचे जीव जातात, त्यावर आपण वेगळं बोलू. बोलायलाच हवं.) जर्मनीतल्या कॅराव्हॅनवाल्याला जे कायद्याने शिकवावं लागतं, ते हा परिस्थितीने शिकला. त्याने हळू ओढून नेलेल्या उसाचं इथेनॉल होतं आणि ते सांताक्रूझच्या एसयूव्हीत जातं. ती एसयूव्ही त्याला कराड-कोल्हापूरदरम्यान हॉर्न मारून ओव्हरटेक करते.

आता शेवटचा आणि माझ्या मते एकमेव प्रामाणिक उपाय. ओढायचं सोडा आणि स्वतःच ओढले जा. कोकण रेल्वे १९९९ पासून कोलाड ते वेर्णा मालट्रक वॅगनवर चढवून नेते. रो-रो म्हणतात त्याला. २०२५ च्या गणपतीत हीच सोय तिने मोटारींसाठी काढली. एका फेरीत ४० गाड्या, भाडं गाडीमागे ७,८७५ रुपये, प्रवास बारा तासांचा, पुढे नांदगाव रोडलाही थांबा दिला. गाडी वॅगनवर, हँडब्रेक वर, इंजिन बंद, आपण डब्यात. वारा, घाट, न्यूट्रल, नायट्रोजन, सगळे प्रश्न एका झटक्यात मिटले. पुढे विजेचं इंजिन, म्हणजे इथेनॉलचाही प्रश्न नाही.

चाकरमान्याने कॅल्क्युलेटर काढलाच. कोलाड ते वेर्णा रस्त्याने साधारण साडेचारशे किलोमीटर. पंधराचं अ‍ॅव्हरेज धरा, तीस लिटर. लिटरमागे शंभर-सव्वाशेच्या मधला कुठलाही भाव लावा, तीन-चार हजारांत काम होतं. ते वाचवायला जवळजवळ आठ हजार, वर माणसांची तिकिटं वेगळी, आणि एका गाडीमागे जायला मिळणार तिघांना. उरलेल्या चौघांना आणि मखराला कोणी न्यायचं? कोलाडपर्यंतचे शंभरेक किलोमीटर तर गाडी आपणच हाकायची, तेही २०११ पासून रुंदीकरण चाललेल्या त्याच मुंबई-गोवा महामार्गावरून.

कोकण रेल्वेची अट अशी होती की किमान सोळा गाड्या जमल्या तरच फेरी सुटेल. तेव्हा पुढच्या वर्षी कोणी ‘अ‍ॅव्हरेज कसं वाढवू’ म्हणून विचारलं, तर त्याला दाराच्या खांबावरचा स्टिकर वाचायला सांगा, कॅरिअर उतरवायला सांगा आणि ८० च्या वर जाऊ नको म्हणा. हे ऐकणार नाही असं वाटलं, तर आणखी पंधरा गाडीवाले जमवून आण म्हणा.